आवाज कुणाचा?

यवतमाळचे आवाज मोजायला बसलात तर यादी तशी छोटी आहे. एसटी स्टँडवरची अनाऊन्समेंट, मे महिन्यात दिवसरात्र घरघरणारे कूलर, नवरात्रात दुर्गोत्सवाच्या मांडवांमधला साऊंड. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एकाची भर पडलीय. आर्णी रोडवरून संध्याकाळी सातनंतर धड धड धड करत एक बुलेट येते, क्षणभर शांत होते आणि मग... फाट्! रस्त्यावरची कुत्री पळतात, कडेवरचं बाळ रडायला लागतं आणि चहाच्या टपरीवरची चार पोरं ‘वाह भाई’ म्हणून हसतात. गाडीवाला मागे वळूनही बघत नाही. तोच तर सगळा अ‍ॅटिट्यूड असतो!

पुण्या-मुंबईच्या वाचकांना यात नवं काही वाटणार नाही. तुमच्याकडे एफसी रोड आहे, आमच्याकडे आर्णी रोड. फरक इतकाच की तुमच्याकडे मिरवायला मॉल आहेत, कॅफे आहेत, वीकेंडला लोणावळा आहे. आमच्या जिल्ह्यात शकुंतला नावाची एक नॅरोगेज गाडी होती, तीही बंद पडली. मग पंचविशीतल्या पोरानं मिरवायचं कशावर? तर गाडीवर. एमएच २९ ची नंबरप्लेट, मागे चार अक्षरांचं काहीतरी स्टायलिश नाव आणि गाडीला बाहेरून बसवलेला सायलेन्सर. पंजाबी म्हणा, इंदोरी म्हणा, नावं बरीच आहेत. काम एकच, आवाज वाढवणं.

माझ्या मावसभावाकडेही अशीच एक बुलेट आहे. म्हणजे, होती तशी. सांगते.

तो एका फायनान्स कंपनीत वसुलीला आहे. दिवसभर लोकांच्या दारात जाऊन हप्ते मागायचे आणि शिव्या खायच्या. दोन वर्षं पैसे साठवून त्यानं सेकंडहँड बुलेट घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कंपनीचा सायलेन्सर काढून माळ्यावर टाकला. मी पुण्याहून सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यानं मला मागे बसवून दारव्हा रोडला नेलं होतं. भन्नाट वाटलं, नाही कशाला म्हणू? दिवसभर ज्याला कुणी विचारत नाही, तो येतोय हे सगळ्या रस्त्याला आधीच कळतं. या आवाजाचा फंडा मला त्या दिवशी कळला.

मागच्या नवरात्रात रात्री अकराला त्याचा फोन आला.

‘ताई, गाडी उचलली ना!’

‘कोणी?’

‘ट्रॅफिकवाल्यानं. तू एक फोन लाव ना. तुह्या तर ओळखी असतील.’

आमच्या नात्यात पत्रकार या शब्दाचा अर्थच ‘फोन लावणारी व्यक्ती’ असा आहे. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली तेव्हा आजी सगळ्यांना सांगत होती की आता पोरीच्या हातात पेन आलं. मामा, मावश्या, चुलत, मावस असा सगळा गोतावळा मात्र त्या पेनाकडे कमी आणि माझ्या मोबाइलमधल्या नंबरांकडे जास्त आशेनं बघतो. मी फ्रीलान्सर आहे, माझं स्वतःचं मानधन वसूल करायला मला सहा फोन लावावे लागतात, हे कुणाला सांगून पटत नाही.

फोन लावायला मी नाही म्हटलं. पण एक प्रश्न विचारला. ‘तुला कागद काय दिला?’

‘कोणता कागद?’

‘गाडी घेतली म्हणजे काहीतरी लिहून दिलं असेल ना. कोणतं कलम लावलंय?’

‘ताई, तू वकील आहे का पत्रकार?’

प्रश्न रास्त होता. पण त्या रात्री मला झोप आली नाही आणि मी मोटार वाहन कायदा, १९८८ वाचत बसले. कुणी सस्पेन्स थ्रिलर वाचतं, मी कलमं वाचली. आणि खरं सांगू? बऱ्यापैकी सस्पेन्स निघाला.

आपल्याला वाटतं की पोलिसाला गाडी आवडली नाही की तो उचलू शकतो. गाडी जप्त करून अडकवून ठेवायचा मुख्य अधिकार कलम २०७ मध्ये आहे. आणि ते कलम अगदी मोजून मापून बोलतं. चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही किंवा तो वयात बसत नाही (कलम ३ आणि ४), गाडीची नोंदणी नाही (कलम ३९), किंवा प्रवासी-मालवाहू गाडीला परमिट नाही, परमिटच्या महत्त्वाच्या अटी मोडल्यात. अशी शंका घ्यायला कारण असेल तर पोलीस अधिकारी किंवा सरकारनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती गाडी ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवू शकते. यादी इथे संपते. सायलेन्सर हा शब्द त्यात नाही. काळ्या काचा नाहीत, फॅन्सी हॉर्न नाही, रुंद टायर नाहीत.

मग मॉडिफिकेशन चालतं का? अजिबात नाही! त्याची कलमं वेगळी आहेत. कलम ५२ सांगतं की कंपनीनं मूळ दिलेल्या माहितीशी आरसी बुकातले तपशील जुळणार नाहीत, असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. सीएनजी-एलपीजी किट, बॅटरी, दिव्यांगांसाठी गाडीत करायचे बदल यांना कायद्यानं रीतसर वाट ठेवली आहे. बाकीचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाईल असा बदल करता येणार नाही, विषय संपला. त्याच वर्षी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं. मालकानं नियमाबाहेरचा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज, धूर आणि रस्त्यावरची सुरक्षितता यांचे निकष मोडले तर कलम १९० आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२० वा नियम म्हणतो, प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. कंपनीतून बाहेर पडताना १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला ८० डेसिबलच्या आत राहावं लागतं. बाजारातल्या नळीत आवाज गिळणाऱ्या जाळ्या आणि पडदेच नसतात. मोकळा पाइप म्हणा ना.

म्हणजे चूक मोठी, शिक्षा मोठी, पण थेट ‘गाडी उचला’ असं २०७ या चुकीबद्दल म्हणत नाही. मग भावाची गाडी कशी गेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं तेव्हा कळलं. गाडी तो चालवतच नव्हता! त्याचा मित्र चालवत होता. मित्राला देवीच्या मांडवापुढे एक राउंड मारायचा होता. आणि मित्राकडे लायसन्स नव्हतं. घरी विसरलेलं नव्हे, काढलेलंच नव्हतं. (विसरलं असतं तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवरचा कागद दाखवता आला असता. तो आता अधिकृत धरला जातो, हे माहीत असू द्या.) म्हणजे कलम ३ मोडलं, कलम २०७ लागू झालं. शिवाय बिनलायसन्स माणसाच्या हातात गाडी दिली म्हणून मालकावर कलम १८०. त्याचे पाच हजार वेगळे. फटाक्याच्या आवाजानं लक्ष वेधलं आणि गाडी अडकली ती दुसऱ्याच कारणानं.

गंमत म्हणजे लायसन्स नसल्याच्या प्रकरणात गाडीऐवजी आरसी ठेवून घ्यायची आणि त्याची पोच द्यायची, अशीही सोय त्याच कलमात आहे. ‘ठेवून घेता येईल’ असा शब्द आहे, ‘घ्यावीच’ असा नाही. म्हणजे रात्री अकरा वाजता चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर आहे सगळं. त्या जागी स्वतःला ठेवून बघा. दुर्गोत्सवाची गर्दी, चौदा तास ड्युटी, समोर फाट् फाट् करणारी बुलेट आणि लायसन्स नसलेला पोरगा. तुम्ही कागद घेऊन गाडी सोडली असती? मी नसती सोडली.

तिसऱ्या दिवशी भाऊ माळ्यावरचा जुना सायलेन्सर खांद्यावर घेऊन गेला. मेकॅनिकनं तिथल्या तिथे बसवला, चलन भरलं, कागद दाखवले, गाडी सुटली. बाहेरचा सायलेन्सर तिथेच राहिला. नागपूर-पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी अशा जप्त सायलेन्सरचे ढीग रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवलेले आपण टीव्हीवर बघितलेत. दृश्य जबरदस्त असतं, मान्य. पण मला प्रश्न पडतो की तो सायलेन्सर उघड्या दुकानातून बिल देऊन विकणाऱ्याचं काय? १८२-अ मध्ये नियमाबाहेरच्या गाड्या बनवणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. कायद्याचा डोळा तिकडेही आहे. रोडरोलर मात्र कायम पोरांच्या पाइपवरच फिरतो.

मावशी खूश होती. ‘आता रात्री तो आला का नाही ते कळतच नाही बाप्पा,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, ‘पण समोरच्या घरची ती बाळंतीण नीट झोपते म्हणते.’

इथे हा लेख संपला असता तर बरं झालं असतं. छोटीशी मजेशीर गोष्ट, थोडा कायदा, थोडा उपदेश. पण डिसेंबरात मामाची रिक्षा धरली.

माझा मामा यवतमाळात रिक्षा चालवतो. वीस वर्षं झाली. सकाळी शाळेची पोरं, दुपारी सरकारी दवाखान्याचे पेशंट, संध्याकाळी स्टँड. माझ्या पहिल्या सेमिस्टरची फी भरताना आईला कमी पडलेले सात हजार त्यानं दिले होते. परत कधी मागितले नाहीत. तर एका सकाळी आरटीओच्या वायुवेग पथकानं त्याला थांबवलं. गाडीचं पासिंग संपून चार महिने झाले होते. पोरांना दुसऱ्या रिक्षात बसवलं आणि मामाची रिक्षा यार्डात.

या वेळी मला कुणी फोन लाव म्हटलं नाही. या वेळी मीच लावायला बसले होते.

कारण माझ्या डोक्यात हिशोब पक्का होता. बुलेट म्हणजे चैन. रिक्षा म्हणजे चूल. बुलेट अडकली तर पोरगा आठवडाभर पायी फिरतो. रिक्षा अडकली तर त्या दिवशीचा गल्ला नाही, त्या आठवड्याचा किराणा नाही. आणि गाडी दुरुस्त करायला जो पैसा लागतो तो गाडी चालवूनच येतो! गाडीच उभी केली तर दुरुस्ती होणार कशी? त्यात पासिंगला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये या दंडावरून २०२४ मध्ये राज्यभर रिक्षावाल्यांनी आंदोलनं केली होती, ते मी वाचलं होतं. गरिबाला आधी उशीर होतो, मग उशिराचा दंड होतो, मग दंडामुळे आणखी उशीर होतो. मी मनातल्या मनात लेखाचं हेडिंगसुद्धा ठरवून टाकलं होतं.

कायदा इथेही उघडला. आणि इथे कलम ५६ भेटलं. ते म्हणतं, प्रवासी किंवा मालवाहू गाडीकडे फिटनेस सर्टिफिकेट नसेल तर कलम ३९ साठी तिची नोंदणी वैध धरली जाणार नाही. वाचून बघा पुन्हा. पासिंग संपलं म्हणजे कागदावर ती गाडी नोंदणीच नसलेली! आणि नोंदणी नसलेली गाडी २०७ च्या यादीत आहे. बुलेटचा मोकळा पाइप त्या यादीत नाही, मामाच्या रिक्षाचं संपलेलं पासिंग आहे. माझा पारा आणखी चढला.

मी मामाला फोन केला. ‘मामा, मी कुणाशी तरी बोलते. एक-दोन ओळखी आहेत माझ्या.’

मामा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘नोको लावू बेटा फोन. ब्रेक खराच धरत नव्हता.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय. त्यानं पोरं उतरवली, मंग सोता बसून चालवून पाह्यली. दोनदा पाय दाबला तवा थांबली. मले माहीतच होतं ना. दिवाळी झाली का करू म्हणत होतो.’ मग हळूच म्हणाला, ‘आत सात पोरं होती.’

आता बोला!

मी काय बोलणार होते? माझं हेडिंग तिथेच राहिलं. मामानं त्या सात पोरांची नावं घेतली. एक त्याच्या गल्लीतलीच होती. उतारावर, समोरून ट्रक, आणि दुसऱ्यांदा पाय दाबायला वेळच मिळाला नाही तर? यवतमाळ सपाट नाही. आणि वणीकडे कोळशाच्या ट्रकांमधून रिक्षा काढून बघा एकदा. मामाला कुणी कलम सांगायची गरज नव्हती. गाडी आपल्याला सांगत असते, आपण दिवाळीवर ढकलतो.

मोडकळीला आलेली गाडी आणि सजवलेली गाडी यांना आपण एकाच पोत्यात भरतो. कायदा तसं करत नाही, आणि त्यामागे एक विचार आहे हे मला तेव्हा जाणवलं. कलम ५३ नुसार एखादी गाडी लोकांना धोका ठरेल अशा अवस्थेत असेल तर नोंदणी करणारं प्राधिकरण तिची नोंदणी निलंबित करू शकतं. पण कसं? मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन, कारणं लेखी देऊन, आणि दोष दुरुस्त होईपर्यंत. दुरुस्त होईपर्यंत, हे शब्द महत्त्वाचे. कायद्याला गाडी संपवायची नाहीये, गाडी नीट हवीय. २०७ मध्येही मालकानं कागदांसह अर्ज केला की पडताळणी करून, अटी घालून गाडी सोडता येते. मामाची रिक्षा अशीच सुटली. अट अशी की रस्त्यावर चालवायची नाही, ओढून थेट गॅरेजमध्ये न्यायची आणि मग पासिंगला लावायची. ब्रेक शू नवे, व्हील सिलिंडर नवे, एक ड्रम घासून, मागचा दिवा, रिफ्लेक्टर, विमा, पीयूसी. अकरा दिवस गेले. पैसे बुलेटवाल्या भाच्यानं दिले. हो, त्याच भाच्यानं. वसुलीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पैसे देऊन ‘परत कधी देता’ हे विचारलं नाही.

पण हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात जाऊन बघा. टायर बसलेल्या मोटरसायकली, पत्रा सडलेले टेम्पो, एखाद्या रिक्षाच्या आरपार वाढलेली बाभूळ. यातल्या कित्येक गाड्या गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून आल्या, केस चालू राहिली आणि गाडी माती झाली. यावर सर्वोच्च न्यायालय २००२ मध्येच बोललंय, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात. गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवून कुणाचंच भलं नाही, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड-जामीन घ्या आणि गाडी लवकर परत द्या, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे याला सुपूर्दनामा म्हणतात. अर्ज न्यायालयात करायचा असतो. जुन्या फौजदारी संहितेत यासाठी कलम ४५१ आणि ४५७ होतं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४९७ आणि ५०३ झालंय. गुन्ह्याचा संशय असलेली कुठलीही वस्तू जप्त करायचा पोलिसांचा सर्वसाधारण अधिकार त्याच संहितेच्या १०६ मध्ये आहे. म्हणून तर माझा पहिला प्रश्न कायम तोच असतो. कागद काय दिला? वाहतूक विभागाचं चलन, २०७ ची जप्ती की गुन्ह्याची नोंद? सुटकेचा रस्ता कागदावर ठरतो, ओळखीवर नंतर.

या सगळ्यात मला आणखी दोन गोष्टी आठवत राहिल्या. दोन्ही २०२१ सालच्या आहेत.

एक सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, साधारण साठ हजारांत, एक छोटी चारचाकी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी! व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर अडवतीलच, म्हणून तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. पुढच्या महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, त्यांना बोलेरो मिळालीही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जप्तीच्या आधीच कुणीतरी सन्मानानं गाडी मागून घेतली, असं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

दुसरी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली. महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. तिथल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणानं, आठवीपर्यंत शिकलेल्या, वेल्डिंगच्या दुकानात स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बनवलं. इंजिन मारुती ८०० चं. ऑगस्टमधल्या एका रात्री चाचणी घेताना पंखा तुटून त्याच्या डोक्याला लागला आणि तो गेला. त्याच्याकडे बघायला ना बोलेरो आली होती, ना कुणी निरीक्षक. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला वाटत होतं, कुणीतरी थांबवायला हवं होतं. आणि लगेच वाटायचं, कुणी थांबवलं असतं तर आम्हीच ओरडलो असतो की बघा, गावातल्या हुशार पोराचं पंख छाटले!

आपला घोळ नेमका इथे आहे. जुगाडाचं आपल्याला भारी कौतुक. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर ती गरज आहे. पार्ट मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग वेल्डिंगवाला जुळवून देतो आणि गाडी आणखी एक सीझन चालते. कापसाचा हंगाम त्यावरच निघतो. पण वेल्डिंगवाल्याला माहीत नसतं की त्यानं जोडलेला तुकडा ताशी साठच्या वेगात काय करेल. ते माहीत असायला तपासणी लागते. पुण्यातल्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच असा आग्रह धरला होता, तेव्हा लोकांना वाटलं, एवढा काय हट्ट! मामाच्या ‘दोनदा पाय दाबला’ नंतर मला तो हट्ट कळला.

म्हणून गाडी उचलण्याच्या अधिकाराबद्दल माझं मत आता असं आहे. अधिकार हवा. पण त्याच्यासोबत तीन गोष्टी त्याच मिनिटाला हातात पडायला हव्यात. कलम लिहिलेला कागद, गाडी कशी आणि कुणाकडून सुटेल याची दोन ओळींची माहिती, आणि दुरुस्तीसाठी गाडी बाहेर न्यायची तारीख. हे काही क्रांतिकारक नाही, कायद्याच्या आत बसणारंच आहे. ज्याच्याकडे ओळख आहे त्याला हे फोनवर कळतं. ज्याच्याकडे नाही तो यार्डाच्या गेटवर चकरा मारतो. मामानं चार मारल्या.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी एवढंच. आवाजानं रस्ता वळून बघतो हे खरं. पण त्या रस्त्यावर एक बाळंतीण असते, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले कुणाचे तरी बाबा असतात, दहावीचा अभ्यास करणारी पोरगी असते. ते ‘वाह भाई’ म्हणत नाहीत. त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही, कारण तुमचाच मोठा आहे.

पासिंग झालं त्या दुपारी मामा रिक्षा घेऊन थेट आमच्या दारात आला. आई चहा ठेवायला उठली तर म्हणाला, थांब, आधी पाहा. रिक्षा गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, जोरात आणली आणि आमच्या फाटकासमोर एकदाच पाय दाबला. रिक्षा जागच्या जागी. धूळ तेवढी पुढे गेली.

‘पाह्यलं?’ मामा म्हणाला. ‘एकाच डावात!’